गाडी पुरात गेली, कर्ज उरलं: आरटीआय विम्याचा माझा अनुभव

कर्जावर गाडी घेतली की त्या एकाच गाडीच्या तीन रकमा होतात. शोरूमच्या बिलावरची एक, विमा कंपनीच्या हिशेबातली दुसरी आणि बँकेला अजून द्यायची असलेली तिसरी. गाडी नीट चालते तोवर या तिघींची गाठ पडत नाही. ती चोरीला गेली किंवा पार निकामी झाली की तिन्ही रकमा एका टेबलावर येतात. विम्याची रक्कम बँकेच्या बाकीपेक्षा कमी आहे हे तेव्हा कळतं. दारात गाडी नसते, हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो.

बाहेरच्या देशांत या फरकासाठी जो विमा काढतात त्याला गॅप इन्शुरन्स म्हणतात. आपल्याकडे त्या नावाने तो सहसा कोणी विकत नाही. त्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ (आरटीआय) हे ॲड-ऑन, म्हणजे मूळ विम्याला जोडून घ्यायचं, बिलाच्या किमतीपर्यंत पैसे देणारं जादा संरक्षण. माझी गाडी २३ जुलै २०२१ च्या पुरात गेली तेव्हा माझ्या पॉलिसीत ते होतं. ते का घेतलं आणि दाव्याच्या वेळी त्याने काय केलं, हे जमेल तितकं तपशिलाने लिहितो. गोव्यात आज सात-सात वर्षांच्या कर्जावर गाड्या घेतल्या जातात, आणि हा हिशेब शोरूममध्ये सहसा कोणी मांडून दाखवत नाही.

माझं घर उसगावला आणि छोटा छापखाना फोंड्यात. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेतल्या नाटकांची पत्रकं अशी कामं. २०१९ च्या श्रावणात, चवथीच्या आधी गाडी घेतली. पेट्रोल, बाराशे सीसीच्या आतली. एक्स-शोरूम किंमत ९,४०,००० रुपये. रस्ता कर, नोंदणी आणि विमा धरून रक्कम साडेदहा लाखांच्या वर गेली. बँकेने ९,५०,००० चं कर्ज दिलं, सात वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. हप्ता पंधरा हजारांच्या थोडा वर. बाकीचे पैसे मी घातले.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. लग्नं थांबली, जत्रा थांबल्या, छापखान्याचं यंत्रच बंद पडल्यासारखं झालं. रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिन्यांची आणि मे महिन्यात आणखी तीन महिन्यांची, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवण्याची सवलत दिली. मी ती पूर्ण घेतली. कामगारांचा पगार आधी द्यायचा होता. त्या सहा महिन्यांचं व्याज मात्र मुद्दलात चढत राहिलं. नोव्हेंबरमध्ये सरकारने चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला, तो माझ्या कर्जाला साताठशे रुपयांचा होता. सवलत संपली तेव्हा बँकेचं स्टेटमेंट काढलं. बाकी ९,४१,००० च्या आसपास. फेब्रुवारीपर्यंतचे हप्ते भरूनही कर्ज जवळजवळ जिथून निघालं तिथेच उभं होतं.

त्याच ऑगस्टमध्ये विम्याचं नूतनीकरण आलं. तृतीय पक्षाचा विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग माझ्या पॉलिसीत एका वर्षाचा होता. एजंटने दोन कोटेशनं पाठवली. एकात आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने मानलेली गाडीची किंमत, ७,५२,००० होती. दुसऱ्यात ६,९०,०००. दुसऱ्याचा हप्ता थोडा कमी, आणि त्याचा आग्रह त्याच कोटेशनचा. “गाडी तीच, विमा तोच, पैसे वाचतात” असं त्याचं म्हणणं.

त्या आठवड्यात माझ्या आतेभावाचा फोन आला. तो इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांची तिथे मोठी वस्ती आहे. त्याने तिकडे कर्जावर गाडी घेतली होती आणि सोबत गॅप विमाही. मी आयडीव्हीचं बोललो तसं तो म्हणाला, “दादा, हप्ता किती ते राहू दे. बँकेला आज किती द्यायचे आहेत आणि विमावाला आज किती देईल, हे दोन आकडे एका कागदावर लिही.” मी लिहिले. एकीकडे ९,४१,०००, दुसरीकडे ७,५२,०००. त्या दिवशी गाडी गेली असती तर पुरता १,८९,००० चा खड्डा, आणि वर मी आधी घातलेले पैसे बुडीत. एजंटचं स्वस्त कोटेशन घेतलं असतं तर खड्डा अडीच लाखांवर गेला असता.

आयडीव्ही ठरवायची रीत साधी आहे. नूतनीकरणाच्या वेळी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत त्या मॉडेलची जी विक्री किंमत असेल, त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. रस्ता कर आणि नोंदणीचा खर्च त्यात मुळात धरलेलाच नसतो. म्हणजे शोरूमच्या दारातून गाडी बाहेर पडली त्या क्षणी कराची रक्कम विम्याच्या नजरेतून गेली. बँकेचं कर्ज मात्र उलट चालतं. सात वर्षांच्या कर्जात पहिल्या वर्षी हप्त्याचा जवळजवळ निम्मा भाग व्याजात जातो. किंमत सुरुवातीला झपाझप उतरते, मुद्दल रडतखडत. मधली दरी त्यामुळे होते, आणि कर्ज जितकं लांबीचं, हातचे पैसे जितके कमी, तितकी ती जास्त वर्षं राहते. संपूर्ण ऑन-रोड किमतीवर सात वर्षांचं कर्ज काढलं तर माझ्यासारख्या गाडीला ही दरी चौथ्या वर्षातही सापडते. मी कागदावर मांडून पाहिलं आहे.

आतेभावाकडून तिकडची रचनाही समजून घेतली. इंग्लंडात गॅपचे प्रकार आहेत. एक फक्त कर्जाची उरलेली बाकी भरतो. दुसरा, नाव तेच ‘रिटर्न टू इनव्हॉइस’, खरेदीच्या बिलापर्यंतचा फरक देतो. तिसरा नव्या गाडीच्या त्या वेळच्या किमतीपर्यंत जातो. अमेरिकेत गॅप म्हटलं की मुख्यतः पहिला प्रकार: गाडीची त्या दिवशीची बाजारकिंमत आणि कर्जाची किंवा लीजची बाकी यांतला फरक. थकलेले हप्ते, दंड आणि आधीच्या गाडीचं नव्या कर्जात ओढून आणलेलं देणं यांना तिथेही सहसा संरक्षण नसतं. आपला आरटीआय बँकेकडे पाहत नाही, बिलाकडे पाहतो. कर्ज कितीही असो, तो गाडीला बिलाच्या किमतीपर्यंत नेतो. माझं कर्ज एक्स-शोरूमपेक्षा दहाच हजारांनी जास्त होतं, त्यामुळे मला बिलाचा आधार पुरणार होता. ज्याने कर आणि विम्यासकट सगळी रक्कम बँकेकडून घेतली त्याने मात्र हे नीट तपासायला हवं.

मी ७,५२,००० चीच आयडीव्ही ठेवली आणि झीरो डेपच्या जोडीला आरटीआय घेतला. आरटीआयचे जास्तीचे पैसे दोन हजारांच्या आत होते. एजंट म्हणाला, “झीरो डेप आहे ना, मग आरटीआय कशाला? पूर्ण पैसे मिळतातच.” ही समजूत मी नंतरही खूप ठिकाणी ऐकली, म्हणून ठासून सांगतो: मिळत नाहीत. झीरो डेप दुरुस्तीच्या बिलातला घसारा वाचवतो. प्लास्टिक-रबराच्या भागांवर एरवी ५० टक्के कापतात, ते कापत नाहीत. पण गाडी पूर्ण गेली की हिशेब आयडीव्हीवर येतो आणि तिथे झीरो डेप एक रुपयाही वाढवून देत नाही. ते काम आरटीआयचं.

पॉलिसीचं पुस्तक मागवून आरटीआयचं कलम वाचलं. माझ्या कंपनीच्या कलमात बिलाची किंमत, पहिल्या नोंदणीचा खर्च आणि रस्ता कर हे तिन्ही होते. सगळ्यांच्यात असं नसतं. काही ठिकाणी फक्त एक्स-शोरूम, काही ठिकाणी विम्याचा हप्ताही धरतात. गाडीचा मालक पहिलाच असायला हवा आणि गाडी ठरावीक वयाच्या आत हवी, बहुतेक ठिकाणी तीन वर्षं, काही ठिकाणी पाच. आणि सगळ्यांत मोठी अट: चोरी किंवा पूर्ण नुकसान. दुरुस्त होण्याजोगी गाडी असेल तर आरटीआय लागूच होत नाही.

जुलै २०२१ च्या त्या रात्री सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा या भागांत पाणी चढलं. पैकुळचा पूल वाहून गेला. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितलं होतं. आमच्या बाजूला म्हादईचं पाणी पहाटे अंगणात आलं. वडिलांना आणि गुरांना वरच्या घरात नेण्यातच सगळी पहाट गेली. उजाडलं तेव्हा गाडीचं फक्त छप्पर आणि काचांचा वरचा भाग दिसत होता.

पाणी ओसरल्यावर मुलाने चावी हातात घेतली होती. मी ती काढून घेतली. बुडालेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर ते नुकसान पुराचं नसून चालवणाऱ्याने केलेलं, असं कंपनी म्हणू शकते. बॅटरीची तार सुद्धा आम्ही काढली नाही, हातच लावला नाही. काचेवरची आणि डॅशबोर्डवरची गाळाची रेघ, आत साठलेला गाळ, नंबर प्लेट, सगळं मोबाईलमध्ये घेतलं. त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर कळवून दाव्याचा क्रमांक घेतला. तलाठी घरोघर पंचनामे करायला आले तेव्हा त्यात गाडीचा उल्लेख आणि नोंदणी क्रमांक लिहून घेतला. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी होता, पण पुढे विम्याच्या फाईललाही कामी आला. गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर घालून वर्कशॉपला नेली.

त्या वर्कशॉपच्या आवारात आमच्याच भागातल्या चिखलाने भरलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेला सर्व्हेअर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला. माणूस कामाचा पक्का होता. त्याने बॉनेट उघडून फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं आणि एक फ्यूज उपटून मला दाखवला. त्याच्या पायांना तपकिरी गाळाचा लेप बसला होता. मग ऑईलची पट्टी ओढली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. सीटचा फोम दाबला तर पाणी बाहेर आलं. एअरबॅगच्या नियंत्रकाची पेटी पूर्ण गाळात होती. त्याने प्रत्येक ठिकाणचा फोटो घेतला आणि मीही त्याच्या मागोमाग घेत गेलो.

इथून पुढचा भाग या सगळ्यात महत्त्वाचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. माझ्या बाबतीत ती रेघ ५,६४,००० वर होती. तिच्या वर गेलो तर आरटीआय, खाली राहिलो तर दुरुस्ती. वर्कशॉपचं पहिलं एस्टिमेट ६,३८,००० चं आलं. सर्व्हेअरने त्यातलं इंजिनचं काम ‘उघडून पाहिल्यावर’ असा शेरा मारून बाजूला ठेवलं, काही सुटे भाग धुऊन वापरता येतील असं लिहिलं, आणि आकडा ५,४०,००० वर आला. रेघेच्या चोवीस हजार खाली.

सर्व्हेअरला दोष देण्याचं कारण नाही. न उघडलेल्या इंजिनाचा खर्च तो कशाच्या जोरावर मंजूर करणार? पण मला दिसत होतं की आकडा इथे थांबला तर सगळी वायरिंग बुडालेली गाडी दुरुस्त होऊन माझ्या दारात येणार, आणि पुढची पाच वर्षं मी तिच्यामागे धावणार. मी कंपनीला ईमेल केला: इंजिन माझ्या संमतीने उघडावं, सर्व्हेअरच्या समोर उघडावं, आणि पूरक एस्टिमेट त्यानंतर घ्यावं. फोनवर बोलून हे होत नाही, लिहूनच द्यावं लागतं. वर्कशॉपने उघडण्याच्या मजुरीची हमी माझ्याकडून लिहून घेतली, कारण दावा नाकारला गेला तर ती मला भरावी लागली असती.

इंजिन उघडलं तेव्हा सिलिंडरमध्ये गाळ निघाला. पूरक एस्टिमेट धरून मान्य खर्च सहा लाखांच्या वर गेला. इथे झीरो डेपचा एक उपयोग झाला, जो कोणी सांगत नाही. ७५ टक्क्यांची तुलना पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेल्या खर्चाशी होते. झीरो डेप नसतं तर सीट, बंपर, वायरिंगचं प्लास्टिक यांवर ५० टक्के आणि धातूच्या भागांवर १० टक्के घसारा कापून तोच खर्च पुन्हा रेघेखाली आणण्याचा वाद झाला असता. ही दोन ॲड-ऑन एकमेकांना धरून चालतात.

टोटल लॉस मान्य झाल्यावर कंपनीकडून फोन आला, की तुम्ही ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’ने घ्या, म्हणजे भंगाराची किंमत वजा करून पैसे आणि गाडी तुमच्याकडेच. लवकर होईल म्हणाले. मी नकार दिला. माझ्या कलमात आरटीआयची रक्कम गाडी कंपनीच्या ताब्यात दिल्यावरच मिळणार होती. गाडी ठेवून घेतली असती तर आयडीव्हीच्या आतच गुंडाळलं गेलो असतो.

मग कागद. आरसीची मूळ प्रत, दोन्ही चाव्या, खरेदीचं मूळ बिल, रस्ता कराची पावती, कर्जाचं फोरक्लोजर (मुदतीआधी फेड) पत्र, बँकेची एनओसी, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, वाहतूक खात्याच्या एनओसीसाठी फॉर्म २८. बिल आणि करपावती नुसत्या झेरॉक्सवर चालवून घ्यायला कंपनी तयार नव्हती. माझी फाईल पुराच्या आधीपासून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती, म्हणून वाचली. ज्यांची भिजली त्यांना शोरूममधून बिलाची प्रमाणित प्रत काढावी लागली.

बँकेचं एक वेगळंच आहे. आरसीवर बँकेचं नाव असतं आणि पॉलिसीतही हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची, नोंद असते, म्हणून पैसे आधी बँकेला जातात. बाकी भरून जे उरेल ते आपलं. दावा चालू असताना हप्ते बंद करता येत नाहीत. हप्ते चुकवले की क्रेडिटच्या नोंदीला डाग लागतो, आणि पुढची गाडी घ्यायला जातो तेव्हा तोच डाग समोर येतो. मी ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे हप्ते नसलेल्या गाडीसाठी भरले. जड गेलं, पण त्याने बाकीही खाली येत होती. जुलैमध्ये ती ८,४७,००० होती, ऑक्टोबरच्या हप्त्यानंतर ८,२०,००० च्या आसपास. फोरक्लोजर शुल्क बँकेने लावलं होतं. पूर आणि टोटल लॉसचं पत्र जोडून अर्ज दिला, शाखेने वरून मंजुरी आणून ते माफ केलं. मागितल्याशिवाय हे कोणी करत नाही.

त्या वेळच्या नियमांप्रमाणे सर्व्हेअरने नेमणुकीपासून ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ३० दिवसांत निर्णय सांगायचा होता. इंजिन उघडण्यात वेळ गेल्याने माझं थोडं लांबलं. सेटलमेंटचं पत्र आलं तेव्हा त्यात बिलाची ९,४०,००० धरली होती, दाव्यातून सक्तीने कापले जाणारे १,००० रुपये वजा केले होते, पण रस्ता कर आणि नोंदणी गाळली होती. मी कलमाचा फोटो आणि पावत्या जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. गोव्याचे विमा लोकपाल तेव्हा मुंबईच्या कार्यालयात होते. कंपनीचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं. मला ती वेळ आली नाही, सुधारित पत्र आलं. बँकेची बाकी फिटली, आणि कर-नोंदणीचे पैसे धरून मी सुरुवातीला घातलेल्या रकमेपेक्षा जास्तच माझ्या खात्यात आले. आरटीआय नसता तर विम्याचे ७,५१,००० बँकेला देऊनही वर जवळजवळ ७० हजार माझ्या खिशातून गेले असते.

भंगार घेणाऱ्याच्या नावावर आरसी चढली की नाही, याचा मी वाहतूक खात्यात जाऊन पाठपुरावा केला. आपल्या नावावर राहिलेली गाडी कोणी कशीबशी चालती करून रस्त्यावर आणली तर पोलीस आपल्या दारात येतात. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याला तसं कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते.

हे सगळं कळल्यावर वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत असलेल्या माझ्या मित्राने त्याचे कागद दाखवायला आणले. त्याची गाडी कंपनी लीजवर. पगारातून दर महिन्याला भाडं कापलं जातं, आरसी लीज कंपनीच्या नावावर, विमाही त्यांचाच. गाडी गेली तर विम्याचे पैसे लीज कंपनीला जातात, आणि करार मध्येच तुटल्याची जी फोरक्लोजरची रक्कम ठरते तिच्यापेक्षा ते कमी पडले तर फरक त्याच्याकडून, असं करारात लिहिलेलं. अमेरिकेत बऱ्याच लीज करारांत गॅपची सोय आतच धरलेली असते. त्याच्या करारात तशी नव्हती, आणि पॉलिसीत आरटीआय आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण पॉलिसी त्याच्या हातात कधी आलीच नव्हती. त्याने एचआरकडून प्रत मागवली. नव्हता. पुढच्या नूतनीकरणाला लीज कंपनीला सांगून घालून घेतला, वाढीव पैसे त्याच्या भाड्यात धरले गेले.

या विम्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या बऱ्याच विमा कंपन्यांनी गॅपची विक्री थांबवली. तिथल्या वित्त नियामकाने, एफसीएने, असं काढलं होतं की गॅपसाठी ग्राहक भरतात त्यातले फक्त ६ टक्के दाव्यांत परत जातात, आणि काही ठिकाणी हप्त्याचे ७० टक्क्यांपर्यंत पैसे विकणाऱ्याच्या कमिशनला जातात. आतेभावाने मला तेव्हा विचारलं, आपण फसलो का? मला तसं वाटत नाही. गाडी पूर्ण जाणं ही मुळात क्वचित होणारी गोष्ट आहे, म्हणून दावे थोडेच. पण त्यासाठी शोरूममध्ये घाईघाईने मोठी रक्कम देऊन टाकणं आणि ती कर्जातच घालून तिच्यावरही व्याज भरणं वेगळं. आपल्याकडे आरटीआय पॉलिसीतच दर वर्षी घ्यायचा असतो, त्याला किती पडतात ते दिसतं, आणि दरी मिटली की सोडूनही देता येतो.

नवी गाडी मी २०२२ च्या सुरुवातीला घेतली. या वेळी हातचे पैसे जास्त घातले, कर्ज सात लाखांचं आणि पाच वर्षांचं. तीन वर्षं आरटीआय ठेवला. चौथ्या वर्षी कंपनीने तो देणं बंद केलं, तेव्हा बँकेची बाकी सव्वातीन लाखांच्या आत होती आणि आयडीव्ही सहा लाखांवर. सोडून दिला.

आता काळजी आहे ती भाच्याची. त्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये ८,००,००० एक्स-शोरूमची छोटी पेट्रोल गाडी घेतली, ७,६०,००० चं कर्ज काढून, सात वर्षांसाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. त्याचं मॉडेल अडुसष्ट-एकोणसत्तर हजारांनी उतरलं. नव्याने घेणाऱ्यांना आनंद झाला. पण आयडीव्ही नूतनीकरणाच्या दिवशीच्या यादीतल्या किमतीवर ठरते. जुन्या किमतीवर त्याची आयडीव्ही ६,४०,००० झाली असती, ती ५,८५,००० च्या आसपास आली. बँकेची बाकी ६,७८,०००. दरी ३८ हजारांची असती ती ९३ हजारांची झाली, त्याने काही न करता.

त्याच्याकडे आरटीआय आहे. मी त्याचं कलम मागून वाचलं, तर त्यात लिहिलं होतं: मूळ बिलाची किंमत किंवा तशाच नव्या गाडीची सध्याची किंमत, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे बिल आठ लाखांचं असलं तरी मिळणार आजची उतरलेली किंमत. बँकेची बाकी त्यात भागेल, पण त्याने घातलेल्या पैशांतला बराच भाग परत येणार नाही. आम्ही दोघांनी बसून तीन कंपन्यांची कलमं मागवली. एकीच्या कलमात ‘जी कमी असेल ती’ हे शब्द नव्हते, नुसतं मूळ बिल होतं. हप्त्यात फरक फार नव्हता. एजंटकडून त्या कलमाचा अर्थ ईमेलवर लिहून घेतला आणि नूतनीकरण त्या कंपनीकडे केलं. शिवाय दिवाळीचा बोनस त्याने मुद्दलात भरायचं ठरवलं आहे. त्यासाठी बँक किती शुल्क घेते, ते विचारायला तो सोमवारी जाणार आहे.